पत्र्यापलीकडची मेट्रो: रस्त्यावरून बांधकाम कसं वाचायचं

बाणेर रस्त्यानं शिवाजीनगरकडे रोज ये-जा करणाऱ्यांना गेली काही वर्षं एक वाक्य तोंडपाठ झालं आहे. "काम बंदच दिसतंय." बसमध्ये, सिग्नलला, शेअर रिक्षात, कुठेही हे ऐकू येतं. मीही ते अगदी खात्रीनं म्हणायचे. रस्त्याच्या मधोमध पत्र्यांची भिंत उभी, दोन्ही बाजूंना गाड्या खेटून चाललेल्या आणि पत्र्यांच्या आत आठ-आठ दिवस काही हललेलं दिसत नाही. मग आणखी काय म्हणायचं?

एकदा बस बराच वेळ अडकून उभी राहिली तेव्हा वरच्या खिडकीतून पत्र्याच्या आत डोकावता आलं. छातीइतक्या खोल चरात चार माणसं होती. यंत्र नव्हतं. कुदळ होती, तीही दमादमानं चालवत होते, आणि शेवटची माती तर हातानं काढत होते. मातीतून एका जाड काळ्या नळाची पाठ वर आली होती. विहिरीत सापडलेलं तांब्याचं भांडं काढावं तशा हळुवारपणे ते त्या नळाभोवतीची माती सोडवत होते. त्या दिवशी मला कळलं की 'काम बंद' असं मी ज्याला म्हणत होते, ते बहुतेक वेळा सगळ्यात अवघड काम असतं. तेव्हापासून मी बघायला लागले, जमेल तिथे साइटवरच्या इंजिनिअरांना आणि मुकादमांना विचारायला लागले, आणि घरी येऊन वाचायला लागले. जे समजलं ते इथे मांडते आहे.

ज्या मार्गाबद्दल लिहिते आहे तो पुणे मेट्रोचा तिसरा मार्ग. हिंजवडीजवळच्या माणपासून शिवाजीनगरच्या सिव्हिल कोर्टापर्यंत, सुमारे 23 किलोमीटर, 23 स्थानकं, आणि सगळाच्या सगळा जमिनीवरून उंच. भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 रोजी झालं, प्रत्यक्ष बांधकाम 2021 च्या अखेरीस सुरू झालं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, म्हणजे पीएमआरडीएनं, तो सरकारी-खाजगी भागीदारीत दिला. टाटा आणि सीमेन्स यांच्या गटांनी मिळून त्यासाठी वेगळी कंपनी काढली आहे आणि बांधणी धरून पस्तीस वर्षांचा करार आहे. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट हे पहिले दोन मार्ग महामेट्रो या सरकारी कंपनीचे. त्यामुळे एकाच शहरात दोन वेगळ्या घरच्या मेट्रो आहेत, आणि दोघींच्या सवयी थोड्या वेगळ्या आहेत. त्याकडे पुढे येतेच.

हिला 'लाइट रेल' म्हणायचं का?

परदेशी राहिलेले नातेवाईक पुण्यात आले की हा प्रश्न हमखास येतो. तिकडे ते ज्याला लाइट रेल म्हणतात ते हेच का? नेमकं उत्तर असं की 'लाइट' हा शब्द रुळांच्या वजनाबद्दल नाही, माणसांच्या लोंढ्याबद्दल आहे. तासाला किती माणसं वाहून न्यायची, त्यावर रेल्वेची जात ठरते. मुंबईची लोकल हे एक टोक आणि ट्राम हे दुसरं. लाइट रेल म्हणजे ट्रामची थोरली बहीण: लहान डबे, जमेल तिथे स्वतःची वेगळी वाट, नाहीतर रस्त्यावरूनच वाहतुकीबरोबर. ट्राम 25 मीटर त्रिज्येच्या वळणावरही वळते. मेट्रोला मुख्य मार्गावर वळायला शंभराहून अधिक मीटरची त्रिज्या लागते. मुंबईत 1874 पासून घोड्यांची आणि 1907 पासून विजेची ट्राम होती, ती 31 मार्च 1964 ला बंद झाली. त्यानंतरच्या पिढ्यांनी ही मधली जात पाहिलीच नाही, म्हणून आपला गोंधळ होतो.

नावावर मात्र फार जाऊ नये. मनिलाची 1984 साली सुरू झालेली लाइट रेल खांबांवरूनच धावते. लंडनची 1987 सालची डॉकलँड्स लाइट रेल्वे चालकाविना चालते आणि तिला रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून वीज मिळते. पुण्याचा तिसरा मार्ग कागदोपत्री मेट्रोच आहे. पण तीन डब्यांची गाडी, खांबांवरचा रस्ता आणि तिसऱ्या पट्टीतली वीज हे पाहिलं तर त्याचं डॉकलँड्सशी बरंच जमतं. बांधकाम पाहणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच: गाडी रस्त्यावरून धावणार असेल तर सगळा रस्ता खणावा लागतो. खांबांवरून धावणार असेल तर ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे आणि उरलेलं हवेत बांधायचं. आपल्याकडे दुसरी पद्धत आहे, म्हणून जमिनीवरचा सगळा गुंता त्या खड्ड्यांमध्ये एकवटतो.

रस्त्याच्या पोटात

पत्रे लागल्यावर पहिलं काम म्हणजे चाचणीचे चर. जिथे खांब येणार तिथे हातानं खणून बघायचं की खाली काय आहे. नकाशा नसतो का? असतो, पण तो नळ टाकला त्या दिवसाचा असतो. त्यानंतर रस्ता रुंद झालेला असतो, उंच झालेला असतो, कुणीतरी नळ दोन हात सरकवलेला असतो. पाण्याची मुख्य नळी, तिच्या पोटनळ्या, सांडपाण्याची गटारं, पावसाळी गटारं, विजेच्या जाड केबली, गॅसची पिवळी नळी, अर्धा डझन कंपन्यांच्या इंटरनेटच्या तारा, आणि त्यांत भर म्हणून कधीच्या काळी बंद पडलेल्या, पण काढून न टाकलेल्या नळ्या. जिवंत कोणती आणि मेलेली कोणती हे वरून कळत नाही.

शहराच्या पाण्याचं खरं ज्ञान बऱ्याच वेळा कागदावर नसतं, चावीवाल्याच्या डोक्यात असतं. कोणत्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचं, कोणती चावी किती आटे फिरवायची, कोणत्या झाकणाखाली कोणती नळी वळते, हे त्याला पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक असतं. चर खणताना अशा एखाद्या निवृत्त माणसाला बोलावून आणल्याचं मी पाहिलं आहे. त्यांनी रस्त्यावर काठी टेकवली आणि म्हणाले, "इथं खणा. तुमच्या कागदावर तिथं आहे, पण ती इथं आहे." आणि ती तिथेच निघाली.

एक नळी सरकवायची म्हणजे काय, तेही बघण्यासारखं आहे. आधी पर्यायी नळी टाकायची, तिची दाबाची चाचणी घ्यायची, मग एक दिवस ठरवून भागाचं पाणी बंद ठेवायचं, जोड मारायचा, पाणी सोडून गळती बघायची, आणि मगच जुनी नळी कापायची. वर्तमानपत्रात येणाऱ्या 'गुरुवारी पाणी बंद' या चार ओळींमागे अनेकदा हेच असतं. मोठ्या नळीचं काम उन्हाळ्यात टंचाईमुळे अवघड आणि पावसाळ्यात चिखलामुळे. एका खांबाच्या जागी अशा चार नळ्या निघाल्या तर त्या खांबाला मुहूर्त लागायला महिने जातात. म्हणूनच एका ओळीतले दहा खांब उभे राहतात आणि मधला एकच दात पडल्यासारखा रिकामा राहतो. पुढच्या वेळी तशी फट दिसली तर समजा, तिथे खाली काहीतरी आहे.

आणि कधीकधी जे निघतं त्याची कुणालाच कल्पना नसते. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखालचा जुना पाण्याचा भुयारी मार्ग सापडला होता. पुण्यासारख्या शहराच्या पोटात असे थर असणारच.

मला इथे एक मागणी मनापासून करावीशी वाटते. इतकी वर्षं, इतका त्रास सोसून आपण रस्त्याचं पोट उघडतो. जे दिसतं त्याची खोली, जाडी, दिशा मोजून, एका जागी, सगळ्या खात्यांना वापरता येईल अशी नोंद व्हायला हवी. उद्या त्याच रस्त्यावर गॅसवाले, पाणीवाले, केबलवाले पुन्हा येणार आहेत. एकदा पाहिलेली नळी शहरानं दुसऱ्यांदा शोधावी लागू नये.

खडक लागला

जागा मोकळी झाली की उंच मनोऱ्यासारखं यंत्र येतं, त्याला साइटवर रिग म्हणतात. ते जमिनीत साधारण एक ते दीड मीटर व्यासाचं गोल भोक पाडतं. हे भोक सळया आणि काँक्रीटनं भरलं की झाला पाइल, म्हणजे जमिनीखालचा खांब. आपल्याला वर दिसतो त्या एका खांबाखाली असे अनेक पाइल असतात आणि त्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा जाड ठोकळा असतो, त्याला पाइल कॅप म्हणतात. कॅप पूर्ण झाली की तिच्यावर माती टाकून रस्ता पूर्ववत होतो. म्हणजे या सगळ्या मेहनतीचा दृश्य पुरावा शून्य.

पुणे दख्खनच्या बेसाल्टवर वसलं आहे. वरचे काही मीटर भराव, काळी माती किंवा मुरूम, मग कुजलेला खडक आणि मग काळा कातळ. हा कातळ वजन पेलायला उत्तम, पण भोक पाडायला हट्टी. मातीत झपाझप उतरणारी रिग कातळात दिवसभरात थोडीच खाली जाते. पाइल खडकावर नुसता टेकवून चालत नाही, तो ठरावीक खोलीपर्यंत खडकात रुतवावा लागतो. भोकातून वर येणारा चुरा सतत तपासला जातो. त्याचा रंग आणि कडकपणा बदलला की कुणीतरी ओरडतं, "रॉक लागला!" आणि वहीत खोली लिहिली जाते. दोन शेजारच्या पाइलांना खडक वेगवेगळ्या खोलीवर लागू शकतो. म्हणून एका खांबाला चार दिवस आणि दुसऱ्याला बारा.

मग येतो सळयांचा पिंजरा. लांब ट्रेलरवर आडवा आलेला हा पिंजरा क्रेननं उभा करून भोकात सोडताना पाहणं म्हणजे अगदी श्वास रोखून पाहण्यासारखं आहे. त्यानंतर काँक्रीट. इथे एक खुबी आहे. भोकात बऱ्याचदा पाणी किंवा चिकणमातीचं दाट द्रावण असतं. वरून काँक्रीट ओतलं तर ते पाण्यात मिसळून धुऊन जाईल. म्हणून एक लांब नळी थेट तळापर्यंत सोडतात आणि काँक्रीट तळातून भरत वर आणतात. काँक्रीट जड असल्यामुळे पाण्याला वर ढकलत येतं. नळीचं टोक सतत काँक्रीटमध्ये बुडलेलं राहायला हवं. ते बाहेर आलं की मध्ये पाण्याचा थर शिरतो आणि पाइलला तिथेच फट पडते. म्हणून एकदा सुरू केलेलं काम मध्ये थांबवता येत नाही. बारा मीटर खोल, सव्वा मीटर व्यासाच्या पाइलला चौदा-पंधरा घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे दोन-तीन मिक्सर गाड्या भरून. पहिली रिकामी होईतो दुसरी पोचलीच पाहिजे. रात्री अकरानंतर विद्यापीठ चौकाकडे फिरत्या ढोलांच्या गाड्यांची रांग दिसली तर ती या धावपळीतली असू शकते.

जमिनीत गेलेला पाइल सलग आहे की नाही हे कसं कळणार? मला ही चाचणी फार आवडते. पाइलच्या डोक्यावर एक छोटा संवेदक चिकटवतात आणि हातातल्या लहान हातोडीनं टोला मारतात. आवाजाची लाट तळापर्यंत जाऊन परत येते. मध्ये फट असेल तर लाट लवकर परतते आणि आलेखावर ते दिसतं. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, त्याच जातीचं शहाणपण. याखेरीज काही निवडक पाइलांवर प्रत्यक्ष भार टाकून ते किती मिलिमीटर खचतात तेही मोजतात.

पाणी मारलं का?

यानंतर वरचा खांब येतो आणि लोक म्हणतात, "आता काम सुरू झालं." लोखंडी साचा लावला, काँक्रीट ओतलं, साचा काढला. हा खरंतर तुलनेनं सरळ भाग, म्हणून त्याबद्दल एकच गोष्ट सांगते. आपण म्हणतो काँक्रीट 'वाळतं'. ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते दगड बनतं, आणि त्या क्रियेला पाणी लागतं. लवकर वाळलं तर ते कच्चं राहील. घराच्या स्लॅबला आजी सकाळ-संध्याकाळ विचारायची, "पाणी मारलं का?" तेच इथेही. उभ्या खांबावर पाणी थांबत नाही म्हणून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवतात, किंवा पाणी उडू नये म्हणून वरून लेप देतात. प्रत्येक ओतणीतून 15 सेंटीमीटरचे घन भरून ठेवतात आणि ते सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. ठरलेल्या बळाच्या आधी फुटले तर चौकशी सुरू. गोणपाट गुंडाळलेला, माणूस नसलेला खांब म्हणजे थांबलेलं काम नव्हे. तिथे सिमेंट आपलं काम करत असतं.

विटा उचलण्याची युक्ती

सगळ्यात प्रेक्षणीय टप्पा म्हणजे दोन खांबांमधला पूल. तो जागेवर ओतत नाहीत. शहराबाहेरच्या यार्डात त्याचे साधारण तीन मीटर लांबीचे तुकडे बनवतात, त्यांना सेगमेंट म्हणतात. एकेकाचं वजन तीस-चाळीस टनांच्या घरात. प्रत्येक नवा सेगमेंट ओतताना साच्याची एक बाजू म्हणून आधीचाच सेगमेंट उभा करतात. त्यामुळे दोघांचे चेहरे तंतोतंत जुळतात. एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत बसतात. म्हणजे हा तुकडा फक्त आपल्या सख्ख्या शेजाऱ्यालाच बसतो, तिसऱ्याला नाही. म्हणून प्रत्येकावर नंबर असतो, आणि एक सेगमेंट खराब निघाला तर पुढचं सगळं अडतं. दिवसा शहरात जड वाहनांना बंदी असल्यानं हे तुकडे रात्री ट्रेलरवरून येतात.

खांबांच्या डोक्यावर एक लांबलचक पोलादी सांगाडा बसलेला दिसतो, तो लाँचर. तो एकेक सेगमेंट उचलून दोन खांबांच्या मध्ये टांगतो. दहा-अकरा तुकडे एका ओळीत लटकलेले असतात तेव्हा ते पाहून पोटात गोळा येतो. मग त्यांच्या चेहऱ्यांना इपॉक्सीचा गोंद लावून ते एकमेकांना चिकटवतात. पण गोंद वजन पेलत नाही. तो फटी बुजवतो आणि पाणी आत शिरू देत नाही. मग हा तीस मीटरचा पूल टिकतो कशावर?

वीटभट्टीवर किंवा बांधकामावर मजूर विटा कशा उचलतात ते आठवा. पाच-सहा विटा आडव्या ओळीत, दोन्ही टोकांना तळहात, आणि जोर लावून दाबलेल्या. मधल्या विटांना खालून कुणी धरलेलं नसतं, तरी त्या पडत नाहीत. दोन्ही बाजूंच्या दाबामुळे सगळी ओळ एका फळीसारखी वागते. पुलाचं तेच. सेगमेंटांच्या आतून आरपार पोकळ नळ्या असतात. त्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवतात आणि दोन्ही टोकांना जॅक लावून ताणतात. ताणलेली तार आखडायला बघते आणि तुकड्यांना एकमेकांवर दाबून धरते. गावाकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती तापवून बसवतात. ती निवली की आकसते आणि लाकडाच्या सगळ्या पाट्या आवळून धरते. तत्त्व एकच.

काँक्रीट दाब फार छान सोसतं, ताण फारसा सोसत नाही. गाडी वरून गेली की पुलाचा तळ ताणला जातो. आधीच भरपूर दाबून ठेवलं असेल तर गाडीनं आणलेला ताण त्या दाबातून वजा होतो आणि काँक्रीटपर्यंत ताण पोचतच नाही. यासाठी वापरतात ती तार सात बारीक तारांची वळलेली, जाडी जेमतेम 15 मिलिमीटर. अशी एकच तार तुटायला सुमारे 26 टनांचा जोर लागतो. तिला त्याच्या पाऊणपटीपर्यंत ताणतात. एका जुडग्यात अशा डझनभर किंवा जास्त तारा असतात. तीस मीटरची तार ताणल्यावर सुमारे वीस सेंटीमीटर लांबते, आणि ही वाढ पट्टीनं मोजतात. हिशोबापेक्षा कमी लांबली तर तार कुठेतरी अडकली आहे. जास्त लांबली तर काहीतरी सरकलं आहे. जॅकचा दाब एक सांगतो आणि पट्टी दुसरं, तेव्हा दोघांचा मेळ जमेपर्यंत पुढे जायचं नाही. जॅक चालू असताना त्याच्या मागे कुणालाही उभं राहू देत नाहीत. तार सुटली तर ती गोळीसारखी येते.

ताणून झालं की लाँचर सगळा पूल अलगद खांबांवर ठेवतो. थेट काँक्रीटवर ठेवत नाहीत, मध्ये बेअरिंग असतात. तापमान तीस अंशांनी बदललं तर तीस मीटरचा पूल एक सेंटीमीटरभर लांबतो. त्याला हलायला जागा दिली नाही तर तो खांबाला ढकलेल. दोन पुलांच्या सांध्यात दिसणारी फट त्यासाठीच असते, ती काही बांधकामातली खोट नाही.

मग लाँचर स्वतःच पुढच्या खांबावर सरकतो. वर शिट्टी आणि हातात हिरवं-लाल निशाण घेतलेला माणूस उभा असतो, आणि त्याच्या खुणेशिवाय काहीही हलत नाही. ही माणसं बहुतेक बिहार, झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली. इतक्या उंचीवर कमरेचा पट्टा अडकवून ती रात्र-रात्र काम करतात. आपण खाली हॉर्न वाजवत असतो. निदान त्यांच्या कामाच्या पट्ट्यात आपली गाडी घुसवू नये एवढं तर आपण करू शकतो. सगळं सुरळीत असेल तर लाँचर काही दिवसांत एक पूल पुरा करतो. म्हणून वेग बघायचा असेल तर खांब मोजू नका, लाँचर कुठे पोचला ते बघा.

विद्यापीठ चौकात हे सगळं दुप्पट अवघड होतं. तिथले जुने उड्डाणपूल 2020 च्या जुलैत पाडले, कारण मेट्रोला त्यांच्या जागेतूनच जायचं होतं. त्या जागी दुमजली पूल आला: खाली गाड्या, वर मेट्रो. पूल पाडताना अनेकांना वाईट वाटलं, मलाही. थोड्याच वर्षांपूर्वी बांधलेली गोष्ट पाडावी लागणं म्हणजे आधी विचार केला असता तर वाचला असता असा पैसा आणि वेळ. गणेशखिंड रस्त्याच्या कडेची जुनी झाडं त्याहून जास्त खटकतात. पूल पुन्हा बांधता येतो. वडाला ऐंशी वर्षं लागतात.

रूळ, वीज आणि वाळूची पोती

पूल जोडले गेले की पुन्हा रस्त्यावरून काही दिसेनासं होतं आणि पुन्हा तेच वाक्य सुरू होतं. वर काय चालू असतं? मेट्रोच्या रुळांखाली खडी नसते. काँक्रीटच्या पट्ट्यांवर रबराच्या गाद्या आणि त्यांवर रूळ. दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, आपल्या नेहमीच्या रेल्वेपेक्षा कमी, तिचं 1676 आहे. रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, म्हणून जुन्या रेल्वेसारखा खटखट आवाज येत नाही.

पहिल्या दोन मार्गांवर डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्टची वीज असते. तिसऱ्या मार्गावर डोक्यावर तार नाही. रुळाशेजारून जाणाऱ्या झाकलेल्या तिसऱ्या पट्टीतून 750 व्होल्टची एकदिश वीज गाडी खालून घेते. दिसायला ते नीटनेटकं असतं, पण ती वीज माणसाच्या पायाच्या उंचीवर आहे. फलाटावरून वस्तू खाली पडली तर कधीही उतरू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागायला हवी.

त्यानंतर सिग्नलची यंत्रणा. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे ती सतत रेडिओवरून सांगत राहते आणि मागच्या गाडीला किती अंतर ठेवायचं ते संगणक ठरवतो. याला लागणाऱ्या चाचण्या महिनोन्‌महिने चालतात आणि त्या बहुधा रात्रीच्या असतात. जुलै 2025 मध्ये माण डेपोतून गाडी पहिल्यांदा मार्गावर आली तेव्हा अनेकांना वाटलं, आता पुढच्या महिन्यात प्रवास. पण गाडी धावणं आणि गाडीत माणसं बसवणं यांत बरंच अंतर आहे. लखनौची रेल्वे संशोधन संस्था, आरडीएसओ, गाडीची वेगवेगळ्या वेगांची हेलकाव्यांची चाचणी घेते. शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन स्थानकं, दरवाजे, आग विझवण्याची सोय, बाहेर पडायच्या वाटा, सगळं तपासतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाडी चालवणाऱ्यानंच गाडीला पास करू नये म्हणून हा दुरावा मुद्दाम राखला आहे. त्यांचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय एकही तिकीट विकता येत नाही.

हेलकाव्यांच्या चाचणीत डब्यात प्रवासी नसतात, पण वजन तर माणसांइतकं हवं. म्हणून डब्यात वाळूची पोती रचतात. आसनांच्या जागी, उभ्या प्रवाशांच्या जागी, दाराशी, जिथे गर्दी होईल तिथे तेवढी. बाकी गाडी खरीखुरी धावते: वेग घेते, वळणावर कलते, अचानक ब्रेक लावते, पुन्हा निघते. खाली रस्त्यावर आपण शेवटच्या बसची वाट बघत उभे असतो, आणि वरून भरगच्च पोत्यांची मेट्रो जाते.